विषय: मुंबईच्या घरातलं वायफाय, प्लॅन वाढवायच्या आधी

एडिसन, न्यू जर्सीहून

मंडळी, नमस्कार.

गोरेगावला आईबाबांकडे २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. हॉलमध्ये व्हिडिओ कॉल नीट चालतो, आतल्या बेडरूममध्ये आवाज तुटतो आणि चित्र गोठतं. कंपनीचा माणूस म्हणतो, ३०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का? बाबांना इथून फोनवर सांगून काय तपासता येईल तेही कळवा. ते ७६ वर्षांचे आहेत, सांगितलेलं नीट करतात, पण स्टुलावर चढायला लागेल असं काही नको.

उत्तर: मुलुंडहून

प्लॅन वाढवू नका. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलला एक-दोन एमबीपीएस पुरतात. हॉलमध्ये कॉल चालतो म्हणजे घरापर्यंत नेट येतंय. पुढे ते भिंतींत अडतंय.

गोरेगाव-मालाडकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीसुद्धा सळया घालून काँक्रीटमध्ये ओतलेल्या असतात. राउटर दोन पट्ट्यांवर वायफाय देतो. त्यातला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींत संपतो. २.४ गिगाहर्ट्झ त्यातून थोडाफार जातो, पण त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. मजल्यावर चार घरं, वर-खाली आणखी आठ, आणि प्रत्येकाचा राउटर याच तिघांत दाटीवाटीने बसलेला. रात्री नऊनंतर सगळे घरी आले की म्हणूनच जास्त त्रास होतो.

बाबांना एवढंच करायला सांगा. फोनचा मोबाइल डेटा बंद करायचा, राउटरपासून दोन हातांवर उभं राहून स्पीडटेस्ट (नेटचा वेग मोजणारी चाचणी) घ्यायची. लगेच बेडरूममध्ये जाऊन दार लावून पुन्हा घ्यायची. दोन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहायचे. एकदा सकाळी, एकदा रात्री साडेनऊला.

हॉलमध्ये १८० आणि आत ५-६ आलं तर दोष वायफायचा. राउटरशेजारीच १०-१५ येत असेल तर कंपनीला धरा. तिसरी शक्यता फार जण ओळखत नाहीत. आकडा दर वेळी ९२-९४ लाच थांबला, तर राउटरपर्यंत येणारी लॅन केबल किंवा राउटरचं पोर्ट (केबलची खोबण) १०० एमबीपीएसचं आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. घाईत चारच जोडल्या तरी नेट चालतं, पण शंभरच्या पुढे जात नाही. अशा घरात ३०० चा प्लॅन घेतला तरी ९४ च मिळणार, आणि पैसे मात्र दर महिन्याला जाणार. याची मला खरंच चीड येते, कारण ती केबल बदलायला पाच मिनिटं लागतात.

राउटर कुठे ठेवलाय तेही विचारा. आपल्याकडे वायर जिथून आत आली तिथेच तो ठेवला जातो: टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये, नाहीतर लोखंडी कपाटावर. कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, तिन्ही सिग्नल खातात. पॅसेजमध्ये, छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवला की बऱ्याच घरांत काम भागतं.

हलवताना बारीक फायबरच्या वायरला जपा. तिचं वेटोळं आमटीच्या वाटीएवढं चालतं, बोटाभोवती गुंडाळली तर प्रकाश बाहेर सांडतो आणि आतली काच तडकूही शकते. टोक काढलंच तर मधल्या पांढऱ्या भागाला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा तिथे पुरेसा घात करतो.

एवढं करूनही आत सिग्नल नसेल तर रिपीटर (वायफाय पुढे ढकलणारा डबा) घेऊ नका. साधा रिपीटर त्याच वायफायवर घेतो आणि त्यावरच देतो, म्हणजे वेग निम्मा होतो. दुसरा राउटर घ्या आणि तिथपर्यंत लॅन केबल न्या, पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त असते, पण टोकाशी तुटते. केबल खिडकीच्या ग्रिलमधून बाहेरून नेणार असाल तर काळ्या जाड वेष्टनाची घ्या आणि आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून घरात न येता तिथेच ठिबकतं. दुसऱ्या राउटरवर ॲक्सेस पॉइंट मोड लावायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो. तो नसेल तर डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं, पत्ता १९२.१६८.१.२ असा पहिल्याहून वेगळा द्यायचा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरचं नेट आत येतं ती खोबण) न लावता लॅनच्या खोबणीत लावायची.

उत्तर: लंडनहून

मुलुंडच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय. त्यात थोडी भर.

फोटोंचा बॅकअप बघा. आईंच्या फोनमधून लग्नाचे व्हिडिओ वर चढत असले की अपलोडची वाट अडते आणि डाउनलोड उत्तम असूनही तुम्हाला त्यांचा आवाज तुटक येतो. बॅकअप रात्री किंवा फोन चार्जिंगला असतानाच व्हावा असं ठेवा.

आणि न्यू जर्सीपर्यंतचा पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंद दिसला म्हणून केबलवाल्याशी भांडू नका. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेतच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ जात नाहीत.

उत्तर: मुलुंडहून

ताई, अपलोडचं माझ्याकडून राहिलं होतं, बरं झालं.

नेट पूर्ण बंद पडलं तर बाबांना फक्त फायबर ज्यात येते त्या डब्यावरचे दिवे वाचायला सांगा. एलओएस (LOS) लाल लुकलुकतोय म्हणजे प्रकाशच येत नाही. वायर कुठेतरी तुटली किंवा मुरगळली आहे, राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. पॉन (PON) हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर बिल, लॉगिन किंवा कंपनीची पुढची यंत्रणा. माणूस घरी आला की मीटर लावून किती डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) येतंय ते विचारा. उणे २० च्या आसपास उत्तम, उणे २७ च्या खाली गेलं तर पावसाळ्यात सारखं जात राहणार.

छोटा यूपीएस घ्यायचा तर फायबरचा डबा आणि राउटर वेगळे आहेत का बघा. दोघांनाही वीज लागते. ॲडॉप्टरवर व्होल्ट वाचा (बहुधा १२ असतात), दोन्हींच्या ॲम्पियरची बेरीज करा आणि तेवढं देणारा घ्या. ज्या इमारतीत फायबर घरापर्यंत न येता जिन्यातल्या स्विचमधून लॅन केबल येते, तिथे त्या स्विचची वीज गेली की घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही.

तक्रार फोनवर तोंडी ठेवू नका, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. मुदतीत काम झालं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं. फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नका. बाबांना १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही फोन करता येईल.

उत्तर: एडिसनहून

आकडे आले. रात्री साडेनऊला हॉलमध्ये १७८, बेडरूममध्ये ४. राउटर टीव्हीच्या मागे आहे, शेजारी लोखंडी कपाट. पॅसेजपर्यंत न्यायला पाच मीटरची फायबरची पॅचकॉर्ड (दोन्ही टोकं तयार असलेली वायर) लागेल. दुकानदार विचारतोय, टोकं हिरवी की निळी?

उत्तर: मुलुंडहून

भिंतीवरच्या डबीची आणि राउटरची, दोन्ही खोबण्यांचे रंग एकेक करून बघून मगच सांगा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवं निळ्यात बसतं, पण मध्ये फट राहते आणि बराच प्रकाश वाया जातो. डबी हिरवी आणि राउटर निळा असेल तर एक टोक हिरवं, एक निळं अशी कॉर्ड मिळते. बाबांना दोन्ही खोबण्यांचा फोटो काढायला सांगा. वायर न काढताही बाहेरून रंग दिसतो.