मदत हवी आहे: हॅमर टेस्टच्या ट्रान्सफर फंक्शनवरून काढलेले कंपन प्रत्यक्षाशी जुळत नाही

नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत वाळूची धूळ खेचणारा ब्लोअर पोलादी चॅनेलच्या (सी-आकाराच्या गर्डरच्या) सांगाड्यावर बसवलेला आहे. मोटर चार पोलची, १४४० आरपीएमची. विजेचा खर्च कमी व्हावा म्हणून मालकांना व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) लावून तो ७२० ते १४४० आरपीएम, म्हणजे १२ ते २४ हर्ट्झ, या टप्प्यात चालवायचा आहे. या टप्प्यात सांगाड्याचा अनुनाद (नैसर्गिक वारंवारतेला कंपन खूप वाढणे) येतो का, आणि येत असल्यास कंपन किती होईल, हे आधीच सांगता यावे म्हणून मी ट्रान्सफर फंक्शन (प्रत्येक वारंवारतेला एकक बलामागे किती कंपन होते ते सांगणारे फल) मोजले.

ब्लोअर बंद ठेवून बेअरिंगखालच्या चॅनेलवर इम्पॅक्ट हॅमरने ठोके दिले आणि प्रतिसाद लगतच्या अ‍ॅक्सिलरोमीटरने नोंदवला. शेजारच्या गाळ्यातील शेकआउट (साच्यातून ओतीव झडझडून काढणारे यंत्र) चालू असला की कोहेरन्स (प्रतिसाद ठोक्यामुळेच आला का हे दाखवणारा निर्देशांक) पार कोसळतो, त्यामुळे हे काम सुटीच्या दिवशीच करावे लागते. नोंद ८ सेकंदांची आहे. तेवढ्यात कंपन पूर्ण विरत असल्याने एक्स्पोनेन्शियल विंडो (नोंदीचा शेवट कृत्रिमरीत्या विझवणारा गुणक) लावली नाही, म्हणजे त्या वाटेने डॅम्पिंग (कंपन विरण्याचे प्रमाण) फुगलेले नाही. आडव्या दिशेत १८.५ हर्ट्झला एकच ठळक शिखर मिळाले. शिखराच्या ०.७०७ पट उंचीवर त्याची रुंदी १.१ हर्ट्झ आहे, त्यावरून डॅम्पिंग गुणोत्तर सुमारे ३ टक्के आणि मोडल वस्तुमान (त्या कंपनात भाग घेणारे परिणामी वस्तुमान) सुमारे ३०० किलो निघते.

रोटर ६० किलोचा आहे. त्याचे बॅलन्सिंग जी ६.३ दर्जाचे (बॅलन्सिंगच्या काटेकोरपणाची प्रमाणित श्रेणी) धरल्यास १४४० आरपीएमला उत्केंद्रता (वस्तुमानकेंद्राचे अक्षापासूनचे अंतर) ४२ मायक्रॉन येते, आणि अनबॅलन्सचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने १११० आरपीएमला, म्हणजे १८.५ हर्ट्झला, ते ३४ न्यूटनच्या आसपास भरते. या बलाला ट्रान्सफर फंक्शनने गुणले असता शिखरावर ११.५ मिमी प्रति सेकंद आरएमएस एवढे कंपन यायला हवे. प्रत्यक्षात, उसन्या आणलेल्या व्हीएफडीवर वेग सावकाश वाढवत नेला तेव्हा शिखर १७.६ हर्ट्झलाच आले आणि कंपन ७ मिमी प्रति सेकंदावरच थांबले.

कंपन अपेक्षेपेक्षा कमी आले म्हणून मालक खूश आहेत, मी नाही. सांगाड्याला कॉलमचा टेकू देऊन तो ताठ करण्याचा विचार आहे. त्यासाठी बलामागे विस्थापन देणाऱ्या फंक्शनचा व्यस्त घेऊन त्यात टेकूचा ताठरपणा मिळवायचा आणि नवे शिखर शोधायचे, असे गणित मांडले आहे. मूळ फंक्शनच चालत्या यंत्राला लागू नसेल, तर या गणितावर पोलाद कापणे योग्य ठरणार नाही. हा फरक कुठून येत असावा आणि पुढील आकडेमोड कोणत्या मोजमापावर करावी?

प्रतिसाद:

वेग फार झपाट्याने बदलल्यास शिखर बुटके होते आणि बदलाच्या दिशेने सरकते. आपण वेग वाढवत होता, म्हणजे ते १८.५ च्या पुढे दिसायला हवे होते. ते मागे आले आहे, त्यामुळे हे कारण मी बाजूला ठेवतो. शिखर खाली आले म्हणजे ताठरपणा घटला आणि बुटके झाले म्हणजे डॅम्पिंग वाढले, असे दोन्ही एकदम दिसते तेव्हा माझा पहिला संशय बोल्टच्या सांध्यांवर आणि ग्राउटिंगवर (पायाखाली भरलेल्या सिमेंटच्या थरावर) जातो. हॅमरच्या ठोक्यातील ऊर्जा विस्तृत पट्ट्यात वाटली जाते, एका वारंवारतेला सांधा फारसा हलत नाही. यंत्र चालताना मात्र तो घसरू लागतो. हलक्या आणि जोरकस ठोक्यांची फंक्शने एकमेकांवर ठेवून पाहा, शिखर सरकले तर अरेषीयता (प्रतिसाद बलाच्या प्रमाणात न बदलणे) सिद्ध होईल.

दुसरे असे की, बल चॅनेलवर नव्हे तर बेअरिंगवर लागते, आणि ते फिरते असल्याने आडव्या व उभ्या दोन्ही दिशांचे परिणाम ९० अंशांच्या फेजफरकाने (पाव फेरीच्या अंतराने) बेरजेत धरावे लागतात. बेअरिंगवर ठोका देणे अडचणीचे असेल, तर अ‍ॅक्सिलरोमीटर तिथे लावून ठोका चॅनेलवर द्यावा; रेषीय रचनेत दोन्हींचे उत्तर एकच येते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जी ६.३ ही परवानगीची मर्यादा आहे, आपल्या रोटरचा खरा अनबॅलन्स नव्हे. २५० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅमचे चाचणी वजन पक्के बसवा. ते साधारण त्या मर्यादेइतकेच भरते. वजनासह आणि वजनाविना, त्याच वेगांना, आवाका व फेज दोन्ही मोजा. दोन नोंदींच्या सदिश वजाबाकीला माहीत असलेल्या बलाने भागले की चालत्या स्थितीतले ट्रान्सफर फंक्शन हाती येते. टेकूचे गणित त्यावर करावे, मात्र त्याआधी बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून.

धागाकर्ता:

आभारी आहे, सर. फेजसाठी टॅकोमीटरची सोय होते का ते पाहतो. तोवर व्हीएफडीमध्ये ३५ ते ४० हर्ट्झचा आउटपुट टप्पा वगळून ब्लोअर चालवावा असे ठरवत आहे, कारण चार पोलच्या मोटरचे फेरे आउटपुटच्या निम्म्याहून किंचित कमी असल्याने दोन्ही शिखरे त्यातच पडतात. बोल्ट आवळल्यावर शिखर १८.५ च्याही वर सरकण्याची शक्यता आपण धरता का? तसे असल्यास वरची मर्यादा ४२ पर्यंत न्यावी लागेल.