विषय : फाल्गुनात येऊर आणि खारघरच्या डोंगरांवर सायकल

सर्व सभासदांना सादर नमस्कार.

यंदा पाडव्यासाठी मी माहेरी, ठाण्याला जात आहे आणि बॉस्टनमधील माझ्या सायकलच्या गटातील तिघेजण सोबत येणार आहेत. येऊर आणि जमल्यास खारघरचा डोंगर माउंटन बाइकने करावा असा बेत आहे. इथे मार्चमध्ये रात्री माती गोठते आणि दुपारी वितळून तिचा चिखल होतो, त्यामुळे वाटांवर खोल चाकोऱ्या पडू नयेत म्हणून आम्ही एक तर पहाटे जमीन कडक असताना जातो, नाही तर जातच नाही. ठाण्यातला मार्च मला आठवतो तो परीक्षेचा. त्या दिवसांत डोंगरावर मी कधी गेलेले नाही. अलीकडे होळीच्या सुमारास पाऊसही पडतो, असे आई सांगते. चिखलासाठीचे टायर आणि पावसाळी जाकिटे आणावीत का, आणि जायचा दिवस कसा ठरवावा, हे तिथल्या माहीतगारांनी कळवावे ही विनंती.

आपली,
बॉस्टनची एक सभासद

उत्तर :

ताई, नमस्कार.

मी ठाण्याला परत आल्याला नऊ वर्षे झाली आणि बहुतेक रविवारी आम्ही चौघे मित्र उपवन तलावापासून येऊर चढतो, म्हणून लिहितो.

चिखलाचे टायर आणू नका. फाल्गुनात इथली खरी अडचण कोरडेपणाची असते. उतारावरचा मुरूम सुटा झालेला असतो आणि त्यावर सागाची वाळलेली पाने पसरलेली असतात, त्यामुळे वळणावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की चाक पानांसकट सरकते. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, वेग वळणाच्या आधीच उतरवावा आणि वळताना ब्रेकला हात लावू नये.

पाऊस मात्र खरोखर पडतो. २०२३ साली ६ मार्चला, होळीच्या रात्री, विजांसह पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा गार आहे म्हणून, आम्ही उत्साहाने निघालो. डांबरी रस्त्यावर काही जाणवले नाही. पण एका पाड्याजवळच्या कच्च्या तुकड्यावर वरची बोटभर माती लोण्यासारखी झाली होती आणि तिच्याखाली कडक कातळ होता. माझ्या मित्राच्या पुढच्या चाकाला माती आणि पाने यांचा असा थर बसला की फोर्कमध्ये अडकून चाक फिरेनासे झाले आणि तो कोपरावर पडला. काडीने तो थर खरवडून काढायला आम्हाला वीस मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी धूळ उडत होती. तुमच्याकडे चिखलासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागत असेल. इथे अवकाळी पावसानंतर एक दिवस थांबले तरी बहुधा पुरते.

पावसापेक्षा मला वाऱ्याची काळजी जास्त वाटते. रात्रीचा मतलई वारा सकाळी उशिरा फिरतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, हे नेहमीचे. ज्या दिवशी पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो त्या दिवशी खारा वारा उशिरा येतो आणि पारा झपाट्याने चढतो. त्यातही समुद्र आणि ठाणे शहर यांच्यामध्ये येऊरचा डोंगर उभा आहे. २०२५ साली तर २५ आणि २६ फेब्रुवारीलाच हवामान खात्याने मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. अशा वाऱ्यात घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही आणि पायात गोळे आल्यावरच लक्षात येते. म्हणून आदल्या दिवशी वारा किती वाजता फिरला ते मी गच्चीवरच्या दोरीवर पाहून ठेवतो. दुपारी दोनलाही कपडे डोंगराच्या दिशेनेच उडत असतील, तर दुसऱ्या दिवशीची फेरी आम्ही निम्मी करतो.

लवकर निघावे म्हणावे, तर येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधारात चढू नये. मार्चच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो; तेव्हापासून नऊपर्यंतचा वेळ आपला समजावा. वन खात्याच्या नाक्यावर सांगतील तेवढेच जावे, पाटोणपाड्याकडचा रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालू नये. फुललेले पळस आणि काटेसावर रस्त्यावरूनही मनसोक्त दिसतात. खारघरला फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावली फार कमी आहे, तेव्हा तो ढगाळ दिवसासाठी राखून ठेवा. मात्र ढग गडगडू लागले तर त्या उघड्या माथ्यावर क्षणभरही थांबू नका.

जाकिटे राहू द्या. प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि ओआरएसच्या पुड्या घ्या.

आपला,
ठाण्याचा एक जुना सभासद

उत्तर :

दादा, मनापासून आभार.

टायर आणि जाकिटे यादीतून काढली. आमच्यातला एकजण चढावर बराच मागे पडतो आणि थांबूया असे कधीच म्हणत नाही, त्यामुळे नऊ वाजता जिथे असू तिथून सर्वांनी मागे फिरायचे, असे आजच गटाला कळवले आहे. पाडव्याच्या आधीच्या रविवारी तुमच्यासोबत येऊ शकलो तर आनंद होईल.

उत्तर :

जरूर या. साडेसहाला उपवन तलावाच्या काठावर भेटू. शनिवारी दुपारचा वारा पाहून संध्याकाळपर्यंत मी पूर्ण फेरी की निम्मी ते कळवतो. आणि तुमच्या त्या मित्राला सर्वांत पुढे ठेवू, म्हणजे बाकीचे त्याच्या चालीने येतील.