मदत हवी आहे: बोगद्यात गाडल्या गेलेल्या कामगारांचा जुना इंग्रजी भयपट, नाव सांगता का?

नमस्कार. एका चित्रपटाचं नाव शोधते आहे. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. त्यांचं वय आता बहात्तर.

१९९६चा गणपती. मी सातवीत होते. तेव्हा आमच्या वाडीत गणपतीत एक रात्र व्हिडिओ यायचा. रत्नागिरीहून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन हिंदी कॅसेटी भाड्याने आणायचे. त्या वर्षी मुंबईहून आलेल्या चुलतभावाच्या पिशवीत एक चौथी, इंग्रजी कॅसेट होती. ती लावली तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. बाहेर पाऊस, पडवीत आम्ही दहा-बारा जण जागे.

आठवतं ते असं. जमिनीखालचं रेल्वे स्टेशन, बहुतेक लंडनचं. रात्रीच्या शेवटच्या गाडीतून उतरलेल्या एका तरुण जोडप्याला जिन्यावर एक सुटाबुटातला माणूस पडलेला दिसतो. पोलिसाला घेऊन येतात तर तो तिथे नसतोच. एक पोलीस अधिकारी सारखा चहा पीत असतो. मग बोगद्याच्या आतली एक जागा दिसते. पाणी ठिबकतंय, ओळीने प्रेतं ठेवलेली, आणि त्यांच्यात एक दाढीवाला, अंगभर जखमा असलेला माणूस मरणाऱ्या बाईपाशी बसून रडतोय. त्याला बोलता येत नाही. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो. चुलतभाऊ म्हणाला होता की दरवाजाबद्दल काहीतरी आहे.

त्यानेच आम्हाला गोष्ट समजावली: "हा त्या कामगारांच्या वंशातला. बोगदा खणताना छत कोसळलं, कंपनी बुडाली, त्यांना काढायला कोणी गेलंच नाही."

हे ऐकताच बाबा उठले. "बंद करा रे," एवढंच म्हणाले आणि पावसातच खळ्यात जाऊन उभे राहिले. कॅसेट बंद झाली. शेवट कोणीच पाहिला नाही.

बाबा तेव्हा कोकण रेल्वेच्या बोगद्यावर कामाला होते. कुठल्या आणि कोणत्या ठेकेदाराकडे ते इथे लिहीत नाही. सुरुंग उडाल्यावर धूर बसला की सगळ्यांच्या आधी लांब पहार घेऊन आत जायचं आणि छतातले सुटे दगड ठोकून पाडायचे, हे त्यांचं काम. पहार मारली की घट्ट कातळ खणखणीत वाजतो आणि सुटलेला दगड बद्द वाजतो. त्या आवाजावर मागच्या सगळ्यांचा जीव. "कातल बोलतो," ते म्हणायचे. मुखाशी जांभा आणि माती असायची तिथे त्यांना जास्त भीती वाटे, कारण माती न बोलताच खाली येते. एकदा ती आलीही. एक माणूस गेला. त्याच्या घरी निरोप द्यायला बाबा गेले होते. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

हे सगळं आता का काढलं? नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तरकाशीचा सिल्क्यारा बोगदा ढासळला आणि ४१ कामगार आत अडकले, ते आठवत असेल. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. ते सतरा दिवस बाबा टीव्हीसमोरून हलले नाहीत. पाईपातून जेवण आत गेलं तेव्हा त्यांनी हात जोडले. मोठं यंत्र ढिगाऱ्यात अडकून मोडलं आणि शेवटचे काही मीटर माणसांनी हातांनी खणले, तेव्हा ते पुटपुटत होते, "हातानंच व्हनार ता." एकेचाळीस जण जिवंत बाहेर आले त्या रात्री ते जेवायला बसले आणि सत्तावीस वर्षांनी अचानक मला म्हणाले, "त्या पिच्चरातल्या मानसांना काडायला कोन गेला नाय ना?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून अधूनमधून तेच विचारतात. म्हणून मला तो चित्रपट शोधून त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत बघायचा आहे. शेवट इथे फोडलात तरी चालेल, उलट फोडाच. मला आधी माहीत असलेला बरा.

दुसरी विनंती. बोगदा किंवा भुयारी रेल्वे हीच ज्यात मुख्य गोष्ट आहे असे भयपट सुचवा. रक्तपात कमी असेल तर बरं. आमच्या घरातून गाडीचा आवाज येतो, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा फार लांब नाही. पूर्वी दिवा पॅसेंजरने जाताना डिझेलचा धूर आत येऊ नये म्हणून बोगद्याआधी काचा खाली ओढायची घाई, दिवे मंद, पोरांचं ओरडणं, आणि ओरडता ओरडता मध्येच सगळी पोरं गप्प व्हायची तो क्षण. तसं गप्प करणारं काही हवं आहे.

—

कातळसडा:
चहा पिणारा पोलीस मला आठवत नाही, पण 'क्वाटरमास अँड द पिट' (१९६७) असेल का? लंडनमध्ये हॉब्स एंड नावाच्या स्टेशनात नवा बोगदा खणताना कवट्या सापडतात, मग धातूची एक वस्तू. आधी वाटतं महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब आहे, प्रत्यक्षात ते परग्रहावरचं यान निघतं.

खाडीपलीकडे:
'क्रीप' बघा. चेअरिंग क्रॉस स्टेशनात रात्री अडकलेली बाई आणि आत राहणारा एक विद्रूप माणूस. वर्णन बरंच जुळतं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. यान वगैरे काही नव्हतं, नक्की. 'क्रीप' शोधला, पण तो २००४चा निघाला. आमची कॅसेट १९९६ची.

माजघर:
ताई, तुमचा चित्रपट 'डेथ लाइन' आहे, १९७२चा. दिग्दर्शक गॅरी शर्मन. अमेरिकेत 'रॉ मीट' नावाने लागला, कॅसेटीवर कदाचित ते नाव असेल. चहा पिणारा अधिकारी म्हणजे डोनाल्ड प्लेझन्स. क्रिस्टोफर ली एकाच प्रसंगापुरता येतो. आणि ते वाक्य "माइंड द डोअर्स". गाडीचे दरवाजे लागताना फलाटावर जी हाक देतात ती. आत जन्मलेल्या माणसाला भिंतीपलीकडून आयुष्यभर तेवढीच भाषा ऐकू आली, म्हणून त्याला तेवढीच येते. मला हा भयपटांतला सगळ्यात दुःखी तपशील वाटतो.

गोष्टीत अपघात १८९२चा आहे. कंपनी दिवाळखोरीत जाते आणि कामगारांना आतच सोडून देते. ते आणि त्यांची मुलं एकमेकांची प्रेतं खाऊन पिढ्यान् पिढ्या जगतात, शेवटी दोघं उरतात. तुम्ही पाहिलेला प्रसंग त्या दोघांचा. कॅमेरा त्या जागेतून कितीतरी वेळ न कापता फिरत राहतो, संवाद नाही, फक्त ठिबकणारं पाणी. चित्रीकरण बरंचसं ऑल्डविच स्टेशनात झालं, ते १९९४मध्ये बंद झालं.

शेवट: बाई मरते. तो माणूस त्या जोडप्यातल्या मुलीला उचलून नेतो. तिचा मित्र पोहोचतो, झटापट होते, माणूस जखमी होऊन अंधारात दिसेनासा होतो. मग पोलीस ती प्रेतांची खोली बघतात. आणि अगदी शेवटी काळोखातून तीच हाक. म्हणजे तुमच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर "नाही, कोणीच गेलं नाही" असंच आहे. सुरुवातीला आणि मध्ये दोन-तीन प्रसंग फार रक्ताळ आहेत. ते पुढे ढकला.

गँगहट:
मी कोकण रेल्वेत रुळांवर काम केलं, आता निवृत्त. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची, बोगद्यातही जावं लागे. बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर माणूस उभा राहील असे कोनाडे ठेवलेले असतात. गाडी दिसायच्या आधी, आवाजाच्याही आधी, हवा येते. कानांत दडे बसतात. ते झालं की हातातलं सोडून कोनाड्यात पाठ टेकवायची. चित्रपटवाले अंधार दाखवतात, ही हवा कोणी दाखवत नाही.

तुम्हाला हवं ते चार्ल्स डिकन्सच्या 'द सिग्नलमन' (१८६६) या कथेत मिळेल. खोल कापलेल्या दरडीत बोगद्याच्या तोंडाशी एक सिग्नलवाला एकटा राहतो. लाल दिव्याखाली त्याला एक आकृती दिसते, एक हात डोळ्यांवर, दुसरा जोरजोरात हलवणारी. ती दिसली की अपघात होतो. अपघात होणार हे त्याला कळतं, कुठे ते कळत नाही, आणि तार करून सांगावं तर काय सांगावं? ड्यूटीवरच्या माणसाची ही भीती मी ओळखतो. ९ जून १८६५ला स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातात डिकन्स स्वतः डब्यात होते, जखमींना त्यांनी पाणी पाजलं. पुढच्याच वर्षी ही कथा लिहिली. बीबीसीने १९७६मध्ये तिच्यावर छोटा चित्रपट केला, डेनहोम इलियट सिग्नलवाला. रक्ताचा थेंब नाही.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पाडलेल्या दगडांखालून मी बिनधास्त चाललो.

खाडीपलीकडे:
नाव सापडलं, छान झालं. दुसऱ्या विनंतीसाठी थोडी भर. 'द टनेल' (२०११), ऑस्ट्रेलियाचा: सिडनीच्या सेंट जेम्स स्टेशनाखालच्या सोडून दिलेल्या बोगद्यांत एक बातमीदार चमू उतरतो. पैसे उभे करायला त्यांनी चित्रपटाची एकेक चौकट एकेका डॉलरला विकली होती. तुम्ही म्हणता तसं गप्प करणारं काही हवं असेल तर जपानी 'एक्झिट ८' (२०२५). भुयारी स्टेशनातला पांढऱ्या टाइल्सचा एकच मार्ग, माणूस चालतो आणि पुन्हा तिथेच येतो. काही वेगळं दिसलं तर मागे फिरायचं, नाही तर पुढे जायचं, एवढाच नियम. 'ट्रेन टू बुसान' (२०१६) मात्र रक्ताळ आहे, पण त्यात बोगदा आला की झोंबींना दिसेनासं होतं आणि माणसांना तेवढ्यापुरता आसरा मिळतो. बोगद्याने वाचवलं असं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. भयपट नसलेला कोरियन 'टनेल'ही (२०१६) आहे, त्यात एक माणूस गाडीसकट बोगद्यात गाडला जातो आणि त्याला काढायचं की नाही यावर वर वाद चालतो. तो बाबांना दाखवण्याआधी तुम्ही एकट्याने बघा.

धागाकर्ती:
उशिरा लिहिते आहे, माफ करा. परवा 'डेथ लाइन' बघितला. माजघर, तुम्ही सांगितलेले प्रसंग पुढे ढकलले.

पोलीस ठाण्यातले संवाद मी मराठीत सांगत होते. त्या खोलीचा प्रसंग आला तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. बाबा पुढे सरकून बसले. त्या माणसाकडे नाही, छताकडे बघत होते. "लाकडां कुजली," म्हणाले. "टेकू काडून न्हेलेनी नाय, तसाच सोडलेनी." तो माणूस बाईपाशी रडायला लागला तेव्हा मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. त्याचं ते वाक्य काय म्हणून विचारलं. "दरवाजे सांभाळा," मी सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटची हाक आली, पडदा काळा झाला. मग त्यांनी १९९६पूर्वीची ती गोष्ट सांगितली, पहिल्यांदा, मृताच्या नावासकट. माती आल्यावर ते आणि आणखी तिघं हातांनी उकरत होते. आतून आवाज येत होता, मग थांबला. आवाज थांबल्यावरही ते पहाटेपर्यंत उकरत राहिले आणि त्याला बाहेर काढलं. "आमी गेलो व्हतो," म्हणाले. "ह्यांच्याकडं कोन गेला नाय."

गँगहट, तुमचा नमस्कार पोचवला. तुम्ही कुठल्या पट्ट्यात गस्त घालत होतात ते विचारलंय त्यांनी. रत्नागिरीत असाल तर कळवा. कोकण रेल्वे बांधताना गेलेल्या कामगारांच्या श्रमशक्ती स्मारकाशी जायचं म्हणतात, इतक्या वर्षांत एकदाही गेलेले नाहीत, आणि सोबतीला बोगद्यातला माणूस हवा आहे.

आणि एक मदत अजून हवी आहे. 'द सिग्नलमन'चा मराठी अनुवाद कोणाच्या पाहण्यात आहे का? त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा आहे. नसेल तर मीच रोज एक पान करत जाईन, पण रेल्वेचे शब्द मला येत नाहीत. ते तपासायला कोणी तयार आहे का?