मदत हवी आहे: कर्मचाऱ्यांकडून चिठ्ठ्या मागवल्या, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी,

एका नगरपालिकेच्या नाट्यगृहाचा मी व्यवस्थापक. गाव सांगत नाही, लगेच ओळखू येईल. आधी करवसुलीत होतो, इथे दहा महिने झाले. कायम कर्मचारी ५, बाकी १८ जण ठेकेदाराचे: सफाई, डोअरकीपर, रंगमंचावरची मुलं.

मार्चमध्ये हौसेनं पेढ्यांचा रिकामा डबा ठेवला. काय अडतंय ते लिहा म्हटलं, नाव नको. चार-पाच चिठ्ठ्या येतील असं वाटलं होतं, आल्या २१. तीन महिन्यांत माझ्याकडून एकच गोष्ट झाली: रंगपटाशेजारच्या स्वच्छतागृहावरची ‘फक्त कलाकारांसाठी’ ही पाटी काढली. सफाईच्या बायका ते रोज धुवायच्या आणि स्वतः जायच्या पार्किंगच्या पलीकडे. चिठ्ठी येईपर्यंत हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

बाकी सगळं अडलंय. शनिवार-रविवारी तीन प्रयोग. साडेबाराचा लांबला की साडेचारच्या आधी जेमतेम पाऊण तास उरतो. तेवढ्यात एकाचं नेपथ्य उतरवून टेम्पोत भरायचं, दुसऱ्याचं लावायचं, लाइट जुळवायचे आणि खुर्च्यांखालचा कचराही काढायचा. मधली वेळ वाढवली तर एक प्रयोग जातो, भाडं बुडतं. पगार उशिरा होतो, हे ७ चिठ्ठ्यांत आहे. त्यावरची माझी टिपणी आस्थापना आणि लेखा विभागांत फिरतेय. वायरमननं लिहिलंय, डावीकडच्या विंगेतला डिमर (लाइट कमी-जास्त करायचं यंत्र) तापतो, वास येतो.

आणि एक चिठ्ठी अशी, की रात्रीची ड्युटी टाळायची तर मुकादमाला पैसे द्यावे लागतात. अक्षर मी ओळखलं, मुकादमही ओळखेल. तो कायम, लिहिणारी व्यक्ती कंत्राटी.

परवा डोअरकीपरनं विचारलं, “साहेब, डबा परत ठेवणार, की या वेळी पेढे आणणार?” सगळे हसले.

जे माझ्या हातात नाही त्याबद्दल लोकांना काय सांगू? आणि ती शेवटची चिठ्ठी कशी हाताळू?

जुनी नस्ती:
साहेब, डिमर त्या यादीतून आजच बाहेर काढा. ती सूचना नाही, धोका आहे. तो बंद ठेवा, विद्युत विभागाला वेगळं पत्र द्या आणि जावक क्रमांक टाकून पोच घ्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ते आठवा. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

पगाराचं: ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मुख्य नियोक्ता म्हणून जबाबदारी नगरपालिकेवर येते. टिपणीत हे स्पष्ट लिहा, लेखा विभाग जागा होईल. ठेकेदाराच्या बिलावर तुमची शिफारस लागत असेल, तर मागच्या महिन्याची मजुरी बँकेत जमा झाल्याचा पुरावा आणि भविष्य निर्वाह निधीचं चलन पाहिल्याशिवाय सही करू नका. मी अशी दोन बिलं अडवली होती. शिव्या खाल्ल्या, पण तिसऱ्या महिन्यापासून पगार वेळेवर व्हायला लागला.

विंगेतला:
मी बॅकस्टेजला १४ वर्षं काढली. प्रयोग कमी करू नका. उशीर बहुतेक वेळा सुरुवातीलाच होतो, साडेबाराची तिसरी घंटा एकला वाजते. वेळ ओलांडली तर जादा भाडं, असं बुकिंगच्या अटींत बहुतेक असतंच. ते लावायची हिंमत कोणी करत नाही, कारण निर्माता ओळखीचा निघतो.

चिठ्ठीचं म्हणाल तर ती कोणाला दाखवू नका, सभेत विषयही काढू नका. ड्युटीचा तक्ता तुम्ही स्वतः करा, आळीपाळीनं, महिनाभराचा, आणि सगळ्यांना दिसेल असा लावा. नवीन साहेबाची खोड म्हणून खपून जाईल. ड्युटी मुकादमाच्या हातातून गेली की पैसे कशाचे मागणार?

जुनी नस्ती:
तक्ता लावाच. पण पैसे घेतल्याची गोष्ट तेवढ्यावर सोडू नका. मुख्याधिकाऱ्यांना तोंडी सांगून ठेवा. चौकशी लागलीच तर ती तुमच्या नाट्यगृहाबाहेरच्या माणसानं करावी.

धागाकर्ता:
आभार. डिमर काल बंद केला, पत्राची पोच घेतली. रविवारच्या निर्मात्याला सांगितलं तेव्हा तो चिडला, मग चार लाइट कमी करून प्रयोग केला.

सोमवारी सगळ्यांना बसवून २० चिठ्ठ्यांची उत्तरं देणार आहे: हे केलं, हे अमक्या टेबलावर आहे, हे माझ्याच्यानं होणार नाही. अडचण एकच, मुकादमही तिथे असेल आणि डब्यातल्या चिठ्ठ्या त्यानंच मोजल्या होत्या. २१ वीचं काय झालं असं त्यानं विचारलं तर?