आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे तर प्लेसमेंटचं वर्ष हवंच का?

दांडियाबाजारकर: भाचीला आयआर म्हणजे इंटरनॅशनल रिलेशन्स शिकायचंय आणि घरात एकच प्रश्न, पुढे काय. मला विचाराल तर शिकावं, पण प्लेसमेंट इयर असेल तिथेच. इंग्लंडात बाथ, सरे अशा युनिव्हर्सिट्यांत दोन वर्षं शिकून तिसरं वर्ष एखाद्या संस्थेत नाहीतर कंपनीत पूर्णवेळ काम, मग परत शेवटचं वर्ष, एकूण ४ वर्षं. कामाच्या वर्षाची फीपण बरीच कमी असते. नुसते सिद्धांत पाठ करून आलेल्या पोरांना अर्ध्या पानाची नोट लिहिता येत नाही, ऑफिसात रोज बघतो मी.

रावपुऱ्याचा: काका, प्लेसमेंट कोणी हातात आणून देत नाही हो, अर्ज-मुलाखती सगळं पोरांनीच करायचं. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात ब्रिटिश नागरिक सोडून कोणाला घेत नाहीत, आणि यूएन सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी, जिनिव्हाचं भाडं कोण भरणार? आयएफएस म्हणजे भारताच्या परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससीला कुठलीही डिग्री चालते. इथे बडोद्यातच एम.एस. युनिव्हर्सिटीतून पॉलिटिकल सायन्स घेऊन बीए करा, लाखो रुपये वाचतील.

दांडियाबाजारकर: एम.एस.ला नावं नाहीच ठेवत, मी तिथलाच. पण यूपीएससी नाही निघाली तर त्या बीएवर काम कोण देणार ते सांग.

मांजलपूरची ताई: परदेशातच कशाला जायला हवं? मी बडोद्याजवळच्या नंदेसरी एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत केमिकल एक्स्पोर्टचं बघते. युरोपला माल पाठवायचा तर रीचचे, म्हणजे युरोपियन युनियनच्या केमिकल कायद्याचे नियम, स्टील-अ‍ॅल्युमिनियमवाल्यांना १ जानेवारी २०२६ पासून कार्बनवरचं शुल्क वेगळं. गिऱ्हाइकाचा मेल येतो, केमिस्ट म्हणतो हे कायद्याचं काम, वकील म्हणतो केमिस्ट्रीचं, आणि मेल आठवडाभर तसाच पडून. ब्रसेल्समध्ये नियम कोण करतं, कोणाशी बोलायचं हे कळणारं माणूस तिथे पाहिजे. आणि टाटा-एअरबसचं बघा, हवाई दलासाठीच्या सी-२९५ची ५६ पैकी ४० विमानं बडोद्यात बनणार, २०२४ला उद्घाटनाला स्पेनचे पंतप्रधान स्वतः आले होते.

रावपुऱ्याचा: ताई, खरं सांगा, तुमच्या लाइनमध्ये बीएवाल्याला इंटर्न म्हणून घेतात का?

मांजलपूरची ताई: नाही घेत, आणि तेच बदलायला हवं म्हणतेय मी. कॉलेजने कंपन्यांशी बोलून सहा महिन्यांची जागा ठरवावी आणि स्टायपेंड मिळालाच पाहिजे, नाहीतर ज्याच्या घरून खर्च निघतो तोच अनुभव घेणार आणि बाकीची हुशार पोरं बाहेरच राहणार.

सयाजीबागेतून: सयाजीराव महाराजांनी १९१३ला आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा परत येऊन १० वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार होता. नोकरी मिळाली, पण जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. म्हणून नुसती जागा ठरवून भागत नाही ताई, ऑफिसात त्या पोराला नीट वागवतात का, काम शिकवतात का की झेरॉक्स काढायला बसवतात, हेही कॉलेजने तिथे जाऊन बघावं.

रावपुऱ्याचा: हे पटलं. पण पगार देऊन आयआरवाल्याला घेणारी बडोद्यातली एक कंपनी दाखवा, मग बोलू. तोवर माझ्या मुलाला मी बीकॉम कर आणि जोडीला फ्रेंच शिक असंच सांगणार.