काळ्या गोट्यांचा किनारा: तुम्ही काय उचललंत?

भटकीवारी

परवा लेकीचं जुनं जॅकेट धुवायला काढलं, तर खिशात काळा गोटा. वाटाण्याएवढा, तेल चोळल्यासारखा गुळगुळीत. कुठला ते पाहताक्षणी कळलं. आइसलँडच्या पश्चिमेला स्नायफेल्सनेस द्वीपकल्पाच्या टोकाला द्यूपालोनसांदूर नावाचा किनारा आहे. नावात ‘सांदूर’, म्हणजे वाळू, पण प्रत्यक्षात नुसते गोटे. हा सगळा स्नायफेल्सयोकुल राष्ट्रीय उद्यानाचा भाग, आणि दगड नेऊ नका असं तिथे बजावलेलं असतं. लेक तेव्हा सात वर्षांची होती. तिला पाटी वाचता येत होती, हे इथे नमूद करते.

आम्ही जूनमध्ये रात्री दहाला पोचलो. अंधार पडतच नाही तेव्हा. लाव्हाच्या वेड्यावाकड्या भिंतींमधून वाट खाली उतरते. किनाऱ्यावर आम्ही चौघं आणि वारा. लाट परत जाताना हजारो गोटे एकमेकांवर घासत मागे जातात. आजी सुपात कुळीथ पाखडायची, हुबेहूब तो आवाज. अर्धा तास कुणी बोललं नाही (आमच्या घरात हा विक्रम आहे).

अशा ज्वालामुखी बेटांवरच्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर गेला असाल तर लिहा. काय पाहिलं, काय फजिती झाली, आणि काय उचललंत!

कातळवेडा
मी रीतसर उचललं, ताई. तिथे मांडलेले चार दगड विसरलात का? पूर्वी होडीवर घेण्याआधी कोळ्यांची ताकद त्यांवर जोखत. सर्वात मोठा ‘फुल्स्टेर्कुर’, म्हणजे पूर्ण ताकदीचा, १५४ किलो. मग ‘हाल्फस्टेर्कुर’, अर्ध्या ताकदीचा, १०० किलो. तिसरा ‘हाल्फद्रायटिंगुर’ ५४ किलो, आणि शेवटचा ‘आम्लोदी’, म्हणजे शुद्ध मराठीत नेभळट, २३ किलो. ५४ चा कमरेपर्यंत नेता आला नाही तर होडीवर जागा नाही.
माझा गुडघ्यापर्यंत आला. गोल, गुळगुळीत, धरायला कान ना कोपरा. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीशी तुलना करू नका, गोणी निदान बोटांना दाद देते. पुढचे दोन दिवस गाडी बायकोने चालवली.

पाटावरवंटा
दगड हातात घेतला आणि ओळखीचा वाटला. साहजिकच आहे, तोही बेसाल्ट आणि आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच. आपला साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, तिकडचा कालपरवाचा. लाव्हाचे तुकडे समुद्रात पडतात, लाटा त्यांना एकमेकांवर आपटून कोपरे घालवतात. मी काही उचललं नाही. घरी पाटा आहे.

निळीछत्री
आमचा किनारा ग्रीसमधला. कोस बेटावरून बोटीने निसिरोसला गेलो. अख्खं बेट म्हणजेच ज्वालामुखी. स्टेफानोस विवराच्या तळाशी चालताना बुटातून ऊब जाणवते आणि गंधकाच्या वासाने डोकं उठतं. मांद्राकी गावाच्या मागे, कड्यावरच्या मठाखालून समुद्राला चिकटून एक वाट जाते, ती होखलाकीला पोचते. तिथेही काळे गोटे, पण नारळाएवढेसुद्धा. भर दुपारी अनवाणी जायचा शहाणपणा केला. तव्यावर पाय ठेवल्यासारखं झालं, आणि पळावं तर गोटे पायाखालून सरकतात. शेवटी बसून, हातांवर भार देत समुद्र गाठला. नवऱ्याने व्हिडिओ काढला, मदत केली नाही.
तिकडच्या अंगणांतून काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी बसवतात, तिलाही होखलाकीच म्हणतात. दगडांची कायमची रांगोळी!

खारावारा
द्यूपालोनसांदूरला गंजलेले लोखंडी तुकडे पसरलेत, त्यावर कुणीच कसं लिहिलं नाही? ‘एपिन’ या ग्रिम्स्बीच्या मासेमारी जहाजाचे ते अवशेष. १३ मार्च १९४८ ला ते इथे फुटलं. १४ जण गेले, ५ वाचले. तुकडे मुद्दाम तसेच ठेवलेत, हात लावू नका अशी विनंती आहे. मी गेलो तेव्हा एक जण त्यावर उभा राहून फोटो काढून घेत होता. माझे वडील मालवणला होडीवर जायचे. एकदा दोन रात्री परतले नव्हते. मी त्या माणसाला उतरायला सांगितलं. भाषा कळली नाही, सूर कळला असावा, उतरला. मग मी त्या लोखंडाशेजारी गोट्यांवर बसून राहिलो. बाकीचं काही पाहिलं नाही.

भटकीवारी
खारावारा, आम्ही लांबूनच पाहून पुढे गेलो होतो. माहिती फलक होता, वाचला नाही.

आरामखुर्ची
सासूबाईंचे गुडघे दुखतात. नेता येईल का?

कातळवेडा
खालपर्यंत नको. उतार सोसेल, पण गोट्यांवर पाय घोट्यापर्यंत रुततो. गाडी लावतात तिथून थोडंसं चाललं की वरून किनारा दिसतो. आणि जे खाली जातील त्यांनी लाटेकडे पाठ करू नये, पाण्यात तर उतरूच नये, ओढ फार. हो, गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. आमचं वाऱ्याने उलटं वळवलं, भरपाई दगडापेक्षा जड गेली.

पाटावरवंटा
ताई, तो वाटाणा परत कधी पाठवताय?

भटकीवारी
लेक म्हणते, स्वतः नेऊन ठेवीन. म्हणजे आता तिकिटं बघणं आलं.