मेचनिकॉफनंतर थेट टी आणि बी पेशी? मधली ऐंशी वर्षं कुठे गेली?

चौकसबाई: भाचीला बारावीच्या जीवशास्त्रातली रोगप्रतिकारशक्ती शिकवतेय. १८८२ साली इटलीतल्या मेसिनात रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफनं तारामाशाच्या अळीला काटा टोचला, पेशी त्याभोवती गोळा झाल्या, इथवर ठीक. पण लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, टी आणि बी पेशी त्यातल्याच) तेव्हाही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होत्या ना? मग त्यांचं काम कळायला १९६० का उजाडलं?

खुराडेवाला: दिसायच्या, पण काही करताना दिसत नव्हत्या! मी कोंबड्यांचा डॉक्टर, त्यामुळे अर्धं उत्तर आमच्या खात्यातलं. कोंबडीच्या गुदद्वाराच्या वर एक पिशवी असते, फॅब्रिशियसची बर्सा. तिचं वर्णन १६२१ साली छापून आलं, उपयोग मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. ओहायोत ब्रूस ग्लिकनं पिल्लांच्या बर्सा काढल्या, पक्षी ठणठणीत. पुढे टिमथी चँगला विद्यार्थ्यांना प्रतिपिंडं (जंतूंविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रथिनं, अँटीबॉडी) दाखवायची होती. त्यानं ग्लिककडच्या कोंबड्या नेल्या, साल्मोनेला जिवाणू टोचला, आणि काहींच्या रक्तात प्रतिपिंडं नाहीतच. बघतात तर त्या बर्सा काढलेल्या! ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकानं लेख नाकारला. १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला. आता माणसांचे डॉक्टर ते कशाला वाचतायत?

पेठेतला काका: उंदरांचंही तसंच. लंडनला झाक मिलर उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस (छातीतली एक ग्रंथी) काढली तर लिम्फोसाइट घटल्या, एरवी शरीर झिडकारतं ती परक्या उंदराची कातडीसुद्धा अंगावर टिकली. हे १९६१ साली छापलं. मोठ्या उंदरांत थायमस काढून आधीही पाहिलं होतं, पण फरक दिसेना. तोवर तिचं बरंचसं काम उरकलेलं असतं.

चौकसबाई: म्हणजे दोन्हीकडे वयाचा खेळ! पण माणसाला बर्सा नाही, मग बी पेशी कुठून येतात?

खुराडेवाला: अस्थिमज्जेतून. टी म्हणजे थायमसच्या, बी म्हणजे बर्साच्या; या दोन फळ्या वेगळ्या आहेत हे मिनेसोटात मॅक्स कूपरनी १९६५ साली दाखवलं, तेही कोंबडीच्या पिल्लांवरच.

वयाचं म्हणाल तर आम्ही ते शेडवर बघतो. गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू नेमका बर्सातल्या बी पेशींवर उठतो. तीन आठवड्यांच्या आत लागला तर पिल्लू वरून धडधाकट दिसतं, पण पुढे मानमोडीची लस देऊनही टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, चढत नाही. मालक लशीला शिव्या घालतो. पोस्टमॉर्टेममध्ये बर्सा सुकलेली सापडली की आम्ही गंबोरोचाच संशय धरतो.

भाचीला बर्सा दाखवायची असेल तर चिकनवाल्याकडून ब्रॉयलरचाच मागचा भाग मागा. म्हाताऱ्या कोंबडीत शोधू नका, वयात आली की ती आक्रसून जाते.